सहा पस्तीसला उजाडलं नाही

विस्कॉन्सिनच्या उत्तरेला, देवदारांच्या दाटीत, लाइल काकाचं लाकडी खोपट होतं. हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला त्या पहाटे मार्ना कॉफीच्या वासानं जागी झाली. भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच वाजले होते.

"उठली का आमची नेमबाज?" काका दालचिनीचा रोल चावत म्हणाला. "या वर्षी नुसतं बघत बसू नकोस हं! गेल्या साली एवढा थोरला नर समोर उभा राहिला आणि बाईसाहेबांचं बोटच हलेना. शेवटी तोच कंटाळून निघून गेला."

मार्नानं मान खाली घातली. ती पंधरा वर्षांची होती, आणि हे वाक्य तिनं वर्षभरात प्रत्येक जेवणावळीत ऐकलं होतं. या खेपेला बोट हलणार, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

"चिडवू नकोस रे तिला," बाबा म्हणाले. सर्दीनं त्यांचा घसा तीन दिवस बसला होता. शब्दांऐवजी नुसती हवाच बाहेर यायची. "हे बघ पोरी, अंधारातच पोचायचं आणि अंधारातच गप्प बसायचं. आपण आलोय हे विसरायला जंगलाला तासभर लागतो. आणि सहा पस्तीसच्या आधी चापाला बोट लावायचं नाही, उजाडण्याआधी गोळी झाडायला कायद्यानं बंदी आहे."

फोन नव्हते. खोपटात शिरताच सगळ्यांचे फोन बिस्किटांच्या डब्यात जायचे, ही काकाची शिस्त. मार्नानं आपलं चावीचं मनगटी घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून घेतलं. सव्वापाचला ती आणि बाबा निघाले.

पायवाट फुटली तिथं तिच्या दिव्याचे सेल मंदावले. बाबांनी आपला दिवा काढून तिच्या कपाळावर बांधला. "मला वाट पाठ आहे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले आणि डावीकडे नाहीसे झाले.

मार्ना मचाणावर चढली. रिकामी बंदूक दोरीनं वर ओढून घेतली, भरली, दिवा मालवला आणि दोन माणसांच्या त्या फळीवर एका कडेला बसली. गोठलेल्या चिखलाचा आणि ओल्या सालींचा वास येत होता. खाली भुरभुरलेलं बर्फ चांदण्यांच्या उजेडात राखेसारखं दिसत होतं.

सहा वाजले. सव्वासहा. आता पूर्वेला एक फिकट रेघ उमटायला हवी होती.

सहा पस्तीस झाले. रेघ नव्हती.

तिनं घड्याळ कानाला लावलं. टिकटिक नीट चालू होती. सहा चाळीस... पावणेसात... डोक्यावरच्या चांदण्या जागच्या हलायला तयार नव्हत्या. पाखरू बोलत नव्हतं. घड्याळ पुढं जात होतं आणि सकाळ येतच नव्हती. आपण भलत्याच कुठल्या रात्रीत येऊन बसलो की काय, असं तिला वाटलं.

तेवढ्यात बर्फ करकरलं.

दोन पावलं. मग थांबणं. पुन्हा तीन पावलं... सावध नर असाच चालतो. झुडपांपलीकडे एक काळा आकार हळूहळू पुढं सरकत होता. सहा पस्तीस तर कधीच उलटून गेले होते. काकाचं हसणं तिच्या कानात वाजलं. तिनं बंदूक खांद्याला लावली, सुरक्षेची कळ सारली. आकार बंदुकीवरच्या दुर्बिणीच्या मधोमध आला. बोट चापावर गेलं.

"थांब..."

अगदी कानाशी. शब्दाबरोबर ऊबदार श्वासही गालाला लागला.

"अजून नाही... उजाडू दे."

आवाज शांत होता, स्वच्छ होता. मार्नाचं बोट आपोआप बाहेर आलं. तिनं कळ मागं सारली, बंदूक मांडीवर घेतली आणि कपाळावरचा दिवा लावला.

पन्नास पावलांवर नारिंगी जाकीट चमकलं. बाबा दोन्ही हात वर करून उभे होते.

"मार्ना... मीच आहे गं," जवळ येत ते कसेबसे फुसफुसले.

"बाबा, मी आत्ता... मी..." तिनं गोळ्या काढून खिशात टाकल्या. बाबा मचाणाखाली येऊन शिडीला टेकले.

"घड्याळ," ते धापा टाकत पुटपुटले. "उजाडेना तेव्हा डोक्यात आलं. लाइलनं ऑक्टोबरात लावलेलं. नोव्हेंबरात हिवाळ्याच्या वेळेसाठी सगळ्या देशानं घड्याळं तासभर मागं घेतली, त्याचं भिंतीवर तसंच राहिलं! आत्ता सहासुद्धा वाजले नाहीत. तू घड्याळ बघून गोळी झाडशील म्हणून धावत आलो. शीळ घालत होतो, पण ओठच वळेनात."

"हाक मारायची ना!"

"कुठल्या घशानं?"

मार्नाला हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडूही. बाबाही हसत होते, खोकत होते. "काकाला आता आपण वर्षभर पुरवून पुरवून चिडवू," ते म्हणाले. बाबा आहेत, खोकताहेत, हसताहेत; तिला दुसरं काही नको होतं.

मग खरे सहा पस्तीस झाले, आणि मुकाट्यानं उजाडलं. एक मादी आपल्या पाडसाला घेऊन समोरून गेली. बापलेकींनी तिला जाऊ दिलं.

"चल, रोल संपायच्या आत पोचू," बाबा खालून म्हणाले.

मार्नानं बंदूक दोरीनं खाली सोडली आणि उठता उठता वळून पाहिलं. रात्रभरात सगळ्या फळीवर दहिवर गोठून पांढरं झालं होतं. ती बसली होती तेवढी जागा कोरडी होती. आणि तिच्या डाव्या हाताला, लागूनच, आणखी एक जागा कोरडी होती. तिच्या जागेहून रुंद.

शिडीच्या पायऱ्यांवर मात्र तिच्या एकटीच्याच बुटांचे ठसे होते.

ती त्या रुंद जागेकडे वाकली. मग अगदी हळू म्हणाली, "येते मी."

"कुणाशी बोलतेस गं?"

"कुणाशी नाही, बाबा."

तिनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि वर फळी हलकेच करकरली, शेजारचं माणूसही आता उठत असावं तशी.