मोठ्या सिस्टरांचं स्टूल

आमच्या बायकांच्या सर्जरी वॉर्डात बसायची परवानगी फक्त आजाऱ्यांना आहे, असं आम्ही सिस्टर लोक गमतीनं म्हणायचो. आठ तासांची ड्यूटी उभ्यानं काढायची. अपवाद एकच, आमच्या मोठ्या सिस्टर. त्यांचं स्वतःचं एक लोखंडी स्टूल होतं, गोल बैठकीचं, हिरवा रंग जागोजागी उडालेला. त्याच्या एका पायाचं रबर कधीतरी गळून पडलं होतं. त्यामुळे खाली ठेवताना तीन पाय गुपचूप टेकायचे आणि चौथा फरशीवर 'टक' करायचा.

ड्यूटीवर आल्या की मोठ्या सिस्टर ते स्टूल उचलून एखाद्या खाटेजवळ नेत आणि नुसत्या बसत. बीपीचं मशीन नाही, थर्मामीटर नाही, हात मांडीवर. नव्या मुली तोंडावर रुमाल धरून हसायच्या. मीही हसले आहे.

"हात लावायच्या आधी बघा गं जरा," त्या म्हणायच्या. "जी ओरडतेय तिच्यात अजून ओरडण्याइतकी ताकद आहे. जी गप्प झालीय तिच्याकडे आधी जा."

त्या निवृत्त झाल्या आणि वर्षाच्या आतच गेल्या. आम्ही सगळ्या जाऊन आलो. स्टूल चादरींच्या कपाटाशेजारी तसंच राहिलं. त्यावर कुणी बसत नव्हतं. भीती वगैरे काही नव्हती, पण मोठ्या माणसाच्या जागेवर एकदम बसवत नाही, तसं.

पुढचं सांगण्याआधी एक सांगून ठेवते. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. जे मोजता येतं ते मी मानते. नाडी, श्वास, ताप, लघवी. माझ्या या स्वभावामुळे वॉर्डातल्या पोरी मला मागून 'काटा' म्हणतात, तेही मला माहीत आहे.

पहिल्यांदा ते स्टूल मला एका बेकरीवालीच्या खाटेजवळ दिसलं. हर्नियाचं साधं ऑपरेशन झालेली बाई, दुसऱ्या दिवशी घरी जायची. स्टूल वाटेत नको म्हणून उचलायला गेले आणि थकले होते म्हणून टेकले. बसल्यावर तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. कपाळावर घामाचे बारीक थेंब, नजर कुठेतरी छताकडे. साखर तपासली तर पार तळाला गेलेली. ग्लुकोज चढवल्यावर बाई उठून बसली आणि भूक लागलीय म्हणाली.

नंतर एकदा ते थायरॉइडचं ऑपरेशन झालेल्या मुलीजवळ होतं. तिची मान आतल्या आत सुजत होती. आवाज बारीक झाला होता आणि ती कुणाला त्रास नको म्हणून बोलत नव्हती.

मी मावशींना विचारलं. वॉर्डाचा केर, फरशी, भांडी हे सगळं मावशींच्या हातात, त्यामुळे वस्तू इकडची तिकडे झाली की त्यांनाच विचारायचं.

"मी कशाला हलवू?" मावशी म्हणाल्या. "फरशी पुसताना पण मी त्याला वळसा घालते."

मग कुणी नातेवाईक नेत असेल, असं मी धरून चालले. आणि स्टूल बरोबर जागी कसं सापडतं, याचं उत्तरही माझ्याकडे तयार होतं. स्टूल दिसलं की मी बसते. बसलं की दिसतं. कुठल्याही खाटेजवळ दोन मिनिटं बसा, काही ना काही दिसतंच. यात गूढ कसलं आलंय?

या उत्तरावर माझं छान चाललं होतं. मग माझी आई घसरून पडली.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलात झालं आणि तिला खिडकीजवळची खाट मिळाली, माझ्याच वॉर्डात. माझ्या जवळचं म्हणावं असं माणूस माझ्यासमोर आजारी म्हणून पडण्याची ही पहिलीच वेळ. मी मनाशी ठरवलं, कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. 'सिस्टरची आई म्हणून आधी' असं कुणी म्हणता कामा नये. म्हणून ड्यूटीवर असताना मी आईकडे सगळ्यात शेवटी जायची. गोळ्या शेवटी, चादर शेवटी, विचारपूस शेवटी. मला ते न्यायाचं वाटायचं. आज वाटतं की मी फक्त स्वतःच्या नावाला जपत होते, आणि ते तिच्या जिवावर.

आईची तक्रार नव्हती. "तू जा गं, तुझी कामं कर," एवढंच तिचं पालुपद.

तिचं सगळं माझा नवरा बघायचा. हा माणूस बोलायला लागला की थांबत नाही, आणि सासूशी तर त्याची विशेष गट्टी. दोन्ही वेळचा डबा घेऊन यायचा. त्या आठवड्यात लिफ्ट बंद होती. जिना चढून आला की दाराशी जरा थांबायचा, डबा या हातातून त्या हातात घ्यायचा.

"वय झालं, बाईसाहेब," तो म्हणायचा. "तुमच्या वॉर्डात पुरुषांना घेत असाल तर माझंही नाव घाला."

"पोट कमी करा आधी," मी म्हणायचे.

"पित्त आहे नुसतं. मला काय धाड भरलीय?" खिशातून गोळी काढून चघळत तो आईशी गप्पा मारायला बसायचा.

त्या दिवशी दुपारी वॉर्ड भरलेला होता आणि माझ्याबरोबरची सिस्टर एका पेशंटला घेऊन एक्स-रेला गेली होती. दाराजवळच्या खाटेवर एक शिक्षिका होत्या, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या. त्यांनी वॉर्ड डोक्यावर घेतला होता. दुखतंय, सलाइन थांबलंय, मी वरपर्यंत तक्रार करीन. त्यांच्या पलीकडे एक शिवणकाम करणारी बाई होती. तिच्या पोटातल्या नळीतून येणारं रक्त वाढलं होतं आणि बीपी हळूहळू उतरत होतं.

हे अवघड नव्हतं. शिवणकामवाली आधी. शिक्षिका नंतर. आई शेवटी, अर्थातच.

शिवणकामवालीसाठी डॉक्टरांना फोन करून मी वळले तर स्टूल आईच्या खाटेजवळ होतं.

मला रागच आला. कुणीतरी माझ्या आईची खास बडदास्त ठेवतंय असं दिसलं असतं. मी तरातरा गेले, स्टूल उचललं आणि कपाटाशेजारी नेऊन ठेवलं. टक. आईकडे नीट बघितलंही नाही. ती डोळे मिटून होती.

डॉक्टर आले, शिवणकामवालीला ऑपरेशनला न्यायचं ठरलं. स्ट्रेचर आलं, रक्ताच्या पिशव्या आल्या. ती माझा हात सोडेना. तिला दारापर्यंत पोचवून परत आले.

स्टूल पुन्हा आईजवळ होतं.

या वेळी मी ते उचललं तेव्हा आईनं डोळे उघडले.

"उठवलंस कशाला त्यांना?" ती म्हणाली.

"कुणाला?"

"बसल्या होत्या ना बाई. बिचाऱ्या किती वेळ बसल्यात."

"झोप जरा," मी म्हणाले. दुसरी कुणी बाई असं असंबद्ध बोलली असती तर मी जागची हलले नसते. आईच्या बाबतीत मी म्हटलं, गोळ्यांची गुंगी आहे. शिक्षिका पुन्हा ओरडल्या. मी स्टूल कपाटाशी ठेवलं आणि त्यांचं सलाइन सुरू करायला गेले.

सुई नीट करत होते. माझी पाठ वॉर्डाकडे होती.

टक.

शिक्षिकांचा तोंडाचा पट्टा बंद झाला. त्या माझ्या खांद्यावरून खिडकीकडे बघत होत्या.

"सिस्टर," त्या एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "माझं राहू द्या. तुम्ही तिकडे जा."

मी वळले. आईच्या खाटेजवळ स्टूल होतं. आसपास कुणी नव्हतं. मावशी दाराशी बादली घेऊन उभ्या होत्या, पार दुसऱ्या टोकाला.

मी गेले आणि बसले.

बसल्यावर दिसलं. आईची बोटं चादरीशी चाळा करत होती. नाकपुड्या फुलत होत्या. श्वास उथळ आणि भराभर, जणू ती धावून आली होती.

"आई."

"जरा... खिडकी..." तिला वाक्य पुरं करता आलं नाही.

खिडकी उघडीच होती.

पांघरूण बाजूला केलं. ऑपरेशनच्या बाजूची पोटरी टम्म सुजलेली. पायातली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात गेली होती. हे मला कुणी सांगायला नको होतं. सकाळपासून ते माझ्यासमोर घडत होतं आणि मी त्याकडे कानाडोळा केला होता.

पुढचं हातांनी केलं. डोकं वर, ऑक्सिजन, डॉक्टरांना हाक. आईला आयसीयूत हलवलं. डॉक्टर म्हणाले, "वेळेत लक्षात आलं तुमच्या." वॉर्डात परत येऊन मी त्या स्टूलवर डोकं टेकून रडले, मावशींच्या देखत. मावशींनी बादली बाजूला ठेवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

आई वाचली. काही दिवसांनी आम्ही तिला आमच्या घरी आणलं, आतल्या खोलीत झोपवलं. नवऱ्यानं तिला खुर्चीसकट जिन्यावरून वर आणलं, शेजाऱ्यांच्या मदतीनं, आणि वर येईपर्यंत विनोद चालू होते. "आई, तुमचं वजन वाढलंय. माझे डबे मानवले."

मी आता शहाणी झाले होते. आई पहिली, बाकी सगळं मागून. रजा घेतली होती. डोळ्यांत तेल घालून तिचा श्वास मोजत होते, पोटरी तपासत होते, वेळेवर गोळ्या देत होते. नवरा बाहेर चहाचं बघायचा, कपडे वाळत घालायचा, औषधं आणायचा.

त्या संध्याकाळी मी आईजवळ पलंगावर बसून तिचं बीपी घेत होते. दिवे लावायची वेळ. खाली रस्त्यावर पोरं खेळत होती. बीपी उत्तम होतं.

टक.

आमच्या घरात बसायला लोखंडाची एकही वस्तू नाही. वरच्या मजल्यावरचं काही पडलं असेल, म्हणून मी ऐकत राहिले. पण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मी घाईघाईनं आईची नाडी धरली. नाडी ठीक. श्वास ठीक. पोटरी मऊ.

"आई, बरं वाटतंय ना?"

आई माझ्याकडे बघत नव्हती. ती दाराकडे बघत होती, बाहेरच्या खोलीच्या दिशेनं.

"माझ्याकडे नाही गं आल्या," ती म्हणाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाहेरून कितीतरी वेळ बोलण्याचा आवाज आला नव्हता.

नवरा वेताच्या खुर्चीत बसला होता. पेपर मांडीवरून घसरलेला. एक हात जबड्याखाली धरलेला. पाय त्यानं आत ओढून घेतले होते, समोर कुणी बसायला आलं की आपण जागा करून देतो तसे.

"काही नाही," तो म्हणाला. "पित्त. तू आईंचं बघ आधी."

त्याचं मनगट गार आणि ओलं होतं. दुसऱ्या हातानं मी फोन ओढला आणि अँब्युलन्सला लावला.

त्याच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढलेली होती. नाडी धरूनच मी तिच्यावर बसले.

बैठक गरम होती.