देवांगच्या पायांना काय झालंय?

माझी पहिली ओळख झाली ती त्याच्या गुडघ्यांशी. खोटं नाही सांगत. दोन हजार पाचचा सप्टेंबर. डेव्हन ॲव्हेन्यूवर, म्हणजे परदेशातल्या आमच्या देशी बाजारात, एका किराणा दुकानात मी सगळ्यात खालच्या फळीवर थालीपिठाची भाजणी शोधत उकिडवी बसले होते, आणि माझ्या नाकासमोर एक खाकी, चुण्याचुण्यांचा स्कर्ट येऊन उभा राहिला. खाली जाड मोजे, त्याखाली बूट. मी मान वर न करताच म्हटलं, "आंटी, जरा सरकता का?"

"सरकतो," आंटी म्हणाल्या... चांगल्या भरदार पुरुषी आवाजात.

वर बघितलं तर सहा फुटी मुलगा. कुरळे केस, डोळ्यांत मिश्कील चमक, आणि हातात भाजणीचं शेवटचं पाकीट.

"हे काय घातलंय?" माझ्या तोंडून निघून गेलं. मी सांगलीची. मनात आलं की ओठावर येतं.

"किल्ट."

"स्कॉटिश आहेस?"

"नाही. आई दादरची, बाबा नाशिकचे. मी इथलाच, बॉर्न अँड रेझ्ड."

"मग बँडमध्ये वाजवतोस का?"

"नाही."

"पैज हरलास?"

"नाही गं. आवडतो... म्हणून घालतो."

आणि हसला. आवडतो म्हणून घालतो, हे काय कारण झालं? मला आईस्क्रीम आवडतं म्हणून मी ते डोक्यावर घेऊन फिरते का? मी उठून चालू पडणार होते, पण त्याने ते पाकीट माझ्यापुढे धरलं.

"मागे रेसिपी आहे ना? मला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. वाचून दाखवशील? मग आपण हाफ-हाफ करू."

तिथेच, डाळी आणि पोह्यांच्या मध्ये उभं राहून, मी एका किल्टवाल्याला थालीपीठ कसं थापायचं ते वाचून दाखवलं. त्याने किल्टच्या खिशातून सुताराची पेन्सिल काढली आणि सगळं तळहातावर लिहून घेतलं. मध्येच तो माझ्याकडे बघायचा, आणि मी "चवीपुरतं मीठ" दोनदा वाचलं.

बाहेर पावसाची भुरभुर होती. माझी बस येईपर्यंत तो स्टॉपवर थांबला. त्याचे गुडघे ओले झाले होते.

"थंडी नाही वाजत?"

"वाजते."

"मग?"

"मग काय... वाजते."

अशा माणसाशी बोलायचं तरी काय? तरी मी त्याला फोन नंबर दिला. का दिला, ते मला विचारू नका.

देवांग एका छोट्या नाटक कंपनीत सुतार होता, रंगमंचावरची घरं बांधायचा. मी स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करत होते. त्याच्याकडे तीन किल्ट होते, खाकी, काळा आणि शेवाळी, सगळ्यांना मोठाले खिसे. त्यातून टेप, स्क्रू, एकदा तर माझ्यासाठी अख्खं सफरचंद निघालं होतं. "शिडीवर चढतोस तेव्हा?" मी विचारलं, तर म्हणाला, "आत सायकलची चड्डी असते, मॅडम. तू फारच डिटेलमध्ये विचार करतेस." मी लाजून लाल झाले आणि त्याच्यावरच चिडले.

रस्त्याने जाताना गाड्या हॉर्न वाजवायच्या. हा हात हलवून त्यांना हॅलो करायचा. आणि मी? मी झपाझप दोन पावलं पुढे चालायची. ओळख आहे पण फार नाही, इतकं अंतर ठेवून.

"तू नेहमी पुढे का पळतेस?" त्याने एकदा विचारलं.

"सवय आहे," मी म्हटलं.

सवय कसली, लाज वाटत होती मला. एरवी सगळं गोड होतं. तो माझ्या थिसिसचं रडगाणं मन लावून ऐकायचा, बोलता बोलता माझी ओढणी कारच्या दारातून सोडवायचा. मला तो आवडायला लागला होता, भयंकर. पण मी ते म्हटलं नव्हतं, आणि त्यानेही नाही. ज्या दिवशी हा गृहस्थ माणसासारखी पँट घालून येईल, त्या दिवशी सांगू, असं मी मनाशी ठरवून बसले होते.

त्यात वसुधामावशीचा फोन आला. मावशी जवळच्याच शॉमबर्ग गावात राहते. माझी इथली आई, पोलीस आणि वृत्तपत्र, तिन्ही तीच.

"शरयू, तू म्हणे परकर नेसलेल्या मुलाबरोबर फिरतेस. आमच्या मंडळातल्या शैलाने पाहिलं तुला."

सांगायचं सरळ, की तो किल्ट आहे आणि त्याला आवडतो. पण "आवडतो" हे मावशीला पटलं नसतं, तिथून सांगलीला फोन गेला असता, आणि बाबांनी परतीचं तिकीट पाठवून दिलं असतं. माझी जीभ आपोआप चालली. "मावशी, त्याला स्किनचा त्रास आहे गं. पायांना. पँट घासते. डॉक्टरांनीच सांगितलंय मोकळं ठेवायला."

"अगं बाई गं," मावशी विरघळली. "बिचारा. दिवाळीच्या जेवणाला घेऊन ये त्याला."

सुटले, असं वाटलं. माझ्यासारखी मूर्ख मीच.

महाराष्ट्र मंडळाचं दिवाळीचं जेवण एका शाळेच्या जिममध्ये होतं. देवांग काळा किल्ट आणि रेशमी कुर्ता घालून आला. छान दिसत होता, अगदी नको इतका छान. आम्ही आत पाऊल टाकलं आणि आठ-दहा काकूंनी त्याला गराडा घातला.

"कधीपासून आहे रे?"

"करंजाचं तेल लाव, रात्रीत फरक पडतो."

"पसरत नाही ना?"

त्याला काहीच कळेना. भांबावून माझ्याकडे बघत होता, आणि मी समोसे मोजत होते. शैलाकाकूंनी तर कमाल केली. त्याने भरल्या वांग्यांना हात घातला, तशी वाटीच उचलून नेली. "वांगं नको, बाळा. खाज वाढते. तुझ्यासाठी वरणभात काढून ठेवलाय."

मग त्याची नजर माझ्यावर स्थिरावली. कळलं त्याला. आता हा सगळ्यांसमोर मला उघडं पाडणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण देवांग शांतपणे म्हणाला, "थँक यू काकू. आता खूप बरं आहे." आणि वरणभात खाल्ला, सगळा.

आम्ही पार्किंग लॉटमध्ये आलो. वाऱ्याने पानं गोल गोल फिरत होती.

"तू त्यांना सांगितलंस, आय ॲम सिक."

"देवांग, मी फक्त..."

"मी आजारी असलो तर तुला चालतं. मी असाच आहे, हे नाही चालत. राइट?"

"तू एक दिवस पँट घातली असतीस तर आकाश कोसळलं असतं का?" मीही भडकले. चूक माझी असली की मी जास्त भडकते.

"नाही. पण तू एक दिवस माझ्याबरोबर चालली असतीस, तरी नसतं कोसळलं." त्याने मला घरी सोडलं, दार उघडून दिलं, आणि म्हणाला, "काही दिवस फोन नको करू."

अकरा दिवस. मी मोजले, दुसरं काही सुचतच नव्हतं. आकडेवारी उघडून बसायची आणि काहीच वाचायची नाही. त्याच्याशिवाय रस्त्यावर कुणी हॉर्न वाजवत नव्हतं, आणि मला अगदी नकोसं वाटत होतं. किल्टचा राग यायचा, त्याचा यायचा, पण सगळ्यात जास्त माझाच.

बाराव्या दिवशी पुन्हा मावशी. "रविवारी ये जेवायला. पद्मिनी येतेय, ती स्किनची डॉक्टर आहे ना. देवांगचे पाय बघेल. त्याचा नंबर मी मिळवला. येतो म्हणालाय."

मी कपाळावर हात मारून घेतला. मदत करण्यात आमच्या माणसांचा हात कुणी धरणार नाही.

रविवारी मावशीकडे तिचे यजमान मोरेश्वरकाका सोफ्यावर पेपर घेऊन बसले होते, पद्मिनीकाकू बारीक टॉर्च घेऊन तयार होत्या. बेल वाजली. देवांग आला.

पँट घालून. राखाडी, कडक इस्त्रीची, समोर धारदार घडी. खिशात हात घालायला गेला आणि जागा चुकली त्याची. उभं कसं राहायचं तेही विसरल्यासारखा दारातच घुटमळला.

"अरे वा, पँट," मावशी खूश झाली. "म्हणजे बरं झालं."

"हो मावशी. ऑल बेटर. काकू, सॉरी, तुम्हाला उगाच त्रास दिला." मला खोटारडी ठरू द्यायचं नाही, एवढ्यासाठी आला होता तो. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

मी ज्या दिवसाची वाट बघत होते, तो हा. माझ्या मनासारखा सभ्य, चारचौघांसारखा देवांग समोर उभा होता, आणि मला रडू फुटत होतं. हा इथून असाच नम्रपणे निघून जाणार आणि परत कधी येणार नाही, हे मला स्वच्छ दिसलं.

"त्याला काहीही झालेलं नव्हतं," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. "मी खोटं बोलले, मावशी. त्याला किल्ट आवडतो, बास. त्याची मला लाज वाटली, म्हणून मी त्याला आजारी केलं. आता स्वतःची वाटतेय."

काकांनी पेपर खाली ठेवला. पद्मिनीकाकूंनी टॉर्च बंद करून पर्समध्ये टाकला.

मावशी सोफ्याच्या कडेला टेकली. मग म्हणाली, "मी चाळीस घरांत सांगितलं, शरयू. लोकांनी त्याच्यासाठी तेलं पाठवलीत. ते आता निस्तर. शैलाला फोन कर, तिला एकटीला सांगितलं की सगळ्यांना पोचतं. आणि देवांग, तुला त्या पँटीत धड बसता येत नाहीये. सैल काही आणलं असशील तर बदल जा."

"गाडीत आहे," तो पुटपुटला, आणि बाहेर गेला.

मी स्वयंपाकघरातल्या फोनवरून शैलाकाकूंचा नंबर फिरवला.

"काकू, देवांगच्या पायांना काही झालेलं नाही. कधीच नव्हतं. तो आवडीने घालतो तसं. मी खोटं बोलले होते."

"मग तुझं काय गं त्यात? तू कशाला एवढी रडतेस?"

"कारण... कारण मला तो आवडतो, काकू. फार. कसाही. हो, सांगा मंडळात. सगळ्यांना सांगा."

मग शैलाकाकूंनी विचारलं, "आणि हे त्याला माहीत आहे का?"

मी नाक पुसत वळले. स्वयंपाकघराच्या दारात देवांग उभा होता, शेवाळी किल्टमध्ये. किती वेळ उभा होता कोण जाणे. कान लाल झाले होते त्याचे.

"आत्ता कळलं त्याला," मी म्हणाले.

तो पुढे आला. माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला, दुसऱ्या हाताने माझा हात धरला, आणि अगदी अदबीने म्हणाला, "काकू, शरयू तुम्हाला नंतर फोन करेल. आत्ता तिला माझं उत्तर ऐकायचंय."