चौथा मजला सोडणार नाही

ती भांडायला खाली निघाली होती आणि तो भांडायला वर निघाला होता. जिन्याच्या मधल्या वळणावर दोघं समोरासमोर आली.

रविवारची सकाळ. बाहेर बर्फ पडून थांबलेलं, आणि खिडकीतून दुधासारखा उजेड आत येत होता. तिच्या अंगावर झोपेचा झगा होता, हातात कलथा. त्याने पायजम्यावर ओव्हरकोट चढवला होता आणि केस चहूकडे उभे राहिले होते.

"तिसऱ्या मजल्यावरचे तुम्हीच ना?" तिने विचारलं.

"आणि चौथ्यावरच्या तुम्ही! रविवारी सकाळी हातोडा घेऊन काय ठोकत बसता हो?"

"मी? मी ठोकते? अहो, तुम्ही ठोकता! माझ्या उशीखाली कुणी लोहाराचं दुकान काढलंय असं वाटतं मला."

"बाई, मी आठवडाभर अंधारात उठून बस चालवतो. झोपायला एक रविवार मिळतो. मी कशाला—"

ठाण! ठाण! ठणणण!

आधी वर वाजलं, मग खाली. आणि दोघं तर इथे जिन्यात उभी.

तिने हातातला कलथा हळूच पाठीमागे नेला. त्याने कोटाची गुंडी लावायला घेतली, तीही चुकीच्या काजात. आणि मग… दोघांनाही हसू फुटलं.

मिरेलिस ऑक्टोबरात इथे राहायला आली होती. डाइकमन रस्त्यावरच्या एका पुरुषांच्या सलूनमध्ये ती केस कापायची, दाढ्या करायची. आईला ना तो धंदा पसंत होता, ना मुलीचं एकटं राहणं. नदीपल्याड ब्रॉन्क्समध्ये आईचं घर होतं. निघताना आई म्हणाली होती, "एक हिवाळा एकटीनं काढून दाखव. नाही जमलं तर मुकाट्यानं परत यायचं, आणि मी सांगेन त्या मुलाशी लग्न करायचं."

"काढते," मिरेलिस म्हणाली होती. "बघच तू."

पण घर तापवणाऱ्या या रेडिएटरची तिला कल्पना नव्हती. तळघरातल्या बॉयलरची वाफ नळीने वर यायची, आणि खिडकीखालचा तो लोखंडी सापळा अंगात आल्यासारखा थडथडायचा. झोपेचं पार खोबरं झालं होतं. परवा तर डुलकी लागून तिच्या हातून एका गिऱ्हाइकाच्या कानाला कैची लागली. इमारतीची देखभाल करणारा म्हणाला, "जुनी इमारत आहे, आवाज करणारच. सोसत नसेल तर घर सोडा."

"त्या रेडिएटरला सांगा घर सोडायला," मिरेलिसने सुनावलं होतं. "मी जाणार नाही."

हे सगळं तिने त्या केस उभे राहिलेल्या माणसाला जिन्यातच सांगून टाकलं. त्याचं नाव अर्बेन. आई-वडील अल्बानियाहून आले, तेव्हा तो त्यांच्या कडेवर होता.

"बघू तरी, तुमच्या उशीखाली कोणता लोहार बसलाय," तो म्हणाला.

दोघांनी सकाळभर खटपट केली. तो खाली जाऊन आपल्या रेडिएटरचा कॉक पिळायचा, ती वर कान लावायची आणि खिडकीतून ओरडायची.

"आता?"

"वाजतोय!"

"आता?"

"अजून वाजतोय! जरा जोर लावा की, बस चालवणारे ना तुम्ही!"

शेवटी उलगडा झाला. खोली भट्टीसारखी तापते म्हणून दोघांनीही कॉक अर्धा पिळून ठेवला होता. अर्धा पिळला की ऊब अर्धी, असंच अख्ख्या इमारतीला वाटायचं. पण वर येणारी वाफ आणि परतणारं पाणी, दोघांना वाट एकच. ती अरुंद झाली की धक्काबुक्की होणारच. कॉक पूर्ण उघडा ठेवायचा, नाहीतर पूर्ण बंद.

तिचा रेडिएटर शिवाय एका बाजूला खचला होता, त्यात पाणी साचायचं. अर्बेनने तो उचलून धरला. तिने वाकून पायाखाली लाकडाची चीप सरकवली. उठताना तिचे केस त्याच्या हनुवटीला घासले. दोघंही जरा जास्तच वेळ तशीच थांबली…

"बसली का चीप?" त्याने विचारलं.

"कधीच बसली. सोडा आता, पाठ मोडेल."

आवाज थांबला. उकाडा मात्र वाढला. मग तिनेही इमारतीतल्या इतरांसारख्या भर जानेवारीत खिडक्या उघड्या टाकल्या आणि चार दिवस ढाराढूर झोपली.

पाचव्या दिवशी तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. आता भांडायला जायचं तरी कशासाठी? कॉक पुन्हा अर्धा पिळावा… असं मनात येऊन हात तिथवर गेलासुद्धा. मग तिला स्वतःचाच राग आला. भेटायचंय ना? मग भेटायचं. चोरी कसली त्यात!

तिने कैची घेतली आणि तिसऱ्या मजल्यावर जाऊन दार ठोठावलं.

"वाजतोय का पुन्हा?" अर्बेनने विचारलं.

"नाही. आज तक्रार नाही. तुमचे केस बघवत नाहीत मला. बसा."

स्वयंपाकघरातल्या स्टुलावर तो बसला. ओल्या केसांतून तिची बोटं फिरली, मानेवर तिचा श्वास लागला.

"हात थरथरतोय तुमचा," तो म्हणाला.

"हात नाही. तुझी मान थरथरतेय."

'तुझी' म्हणून गेल्याचं तिला मागाहून कळलं. तिने ते परत घेतलं नाही.

त्यानंतर रविवार त्यांचाच झाला. कधी ती राजमा-भात करायची, कधी तो चीज आणि पालक भरलेला बुरेक घेऊन वर यायचा. असाच एकदा मार्चमध्ये तो गरम ताट घेऊन आत शिरला, तर समोर मिरेलिसची आई उभी! न कळवता आली होती.

"हा कोण?" आई म्हणाली.

अर्बेन गडबडला, आणि गडबडीत फार बोलला. "आई, तुम्ही काळजी करू नका. आम्ही लग्न करू. ही खाली माझ्याकडे येईल. हे वरचं घर सोडून देऊ."

आईचा चेहरा उजळला. मिरेलिसचा उतरला.

"मला विचारलंस?" तिने अर्बेनला म्हटलं.

"मला वाटलं…"

"आईला वाटतं, मी तिच्या घरी राहावं. तुला वाटतं, मी तुझ्या घरी राहावं. मी माझ्या घरी राहावं असं एकालाही कसं वाटत नाही रे?"

तिने दार उघडलं आणि दोघांनाही बाहेर काढलं. बुरेकचं ताटसुद्धा.

पुढचे दोन रविवार सुने गेले. ती रडली, पण खाली गेली नाही.

मग एका शनिवारी, भर गर्दीत, अर्बेन सलूनमध्ये आला. नंबर लावून बसला आणि नेमका तिच्याच खुर्चीत आला. तिने फेस लावला, वस्तरा गळ्याशी नेला.

"मिरेलिस—"

"हलू नकोस."

"हलत नाही. विचारायला आलोय. आधी विचारायला हवं होतं… लग्न करशील माझ्याशी? घर तुझं तुझ्याकडेच राहील. तू बोलावशील तेव्हा मी येईन."

सलूनमधल्या कैच्या थांबल्या. "हो म्हण गं!" कुणीतरी मागून ओरडलं.

"गप्प बसा! तुमच्याही दाढ्या माझ्याच हातात आहेत!" ती म्हणाली. मग खाली वाकली. डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता. "प्रेम आहे माझं तुझ्यावर. जिन्यात त्या वेड्यावाकड्या गुंडीसकट पाहिलं ना, तेव्हापासून. पण चौथा मजला सोडणार नाही."

"सोडूच नकोस."

"मग… हो."

संध्याकाळी तिने आईला फोन केला.

"लग्नानंतर राहणार कुठे?" आईने विचारलं.

"माझ्या घरी."

"आणि तो?"

"त्याच्या."

"अगं, मग तुम्ही नवरा-बायको कसले?"

"कसले ते आमचं आम्ही ठरवू. हिवाळा संपला, आई. मी काढला."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

आठवडा गेला. रविवारी सकाळी मिरेलिस कॉफी गाळत होती, तोच फोन वाजला.

"मी बोलतेय," आई म्हणाली. मग जरा अडखळली. "आज… येऊ का तुझ्या घरी?"