पडतानाचं वजन

गंगापूर रोडच्या पुढे, जिथे पूर्वी झेंडूचा मळा होता, तिथे एका कॉलेजाने तीस मीटर उंच पोकळ मनोरा बांधला. वरून पेटी सोडायची. ती पडत असते तेवढे अडीच सेकंद तिच्यातल्या वस्तूंना वजन राहत नाही. खरंच किती राहत नाही, ते आतलं यंत्र मोजतं. कागदावरची रेघ शून्याला धरून सरळ गेली, म्हणजे जिंकलं.

मनोऱ्याचे प्रमुख जयराम सर. त्यांची रेघ थरथरायची. त्यांनी पेटीवर दुसरी पेटी चढवली, पंखे थांबवले, शेजारच्या मळ्यातली मोटारसुद्धा बंद करवली. थरथर हटेना. गुरुवारी दिल्लीची समिती यायची होती. रेघ सरळ नसेल, तर मनोऱ्याला टाळं.

सोमवारी रेघ एकाएकी सरळ आली.

"खाली कोण होतं?" सरांनी विचारलं.

"मीच की," सरुबाई म्हणाली. झेंडूचा मळा तिच्या सासऱ्याचा होता. आता ती पेटी झेलणारी तळाची वाळू सारखी करायची. "वर यायचा कंटाळा आला. कोनाड्यात बसले व्हते."

सरांनी चार वेळा पडताळून पाहिलं. ती खाली असली की रेघ सरळ, वर आली की थरथर. हवं ते हाती लागलं, की माणूस कारण कुठे विचारतो? सरांनी तिला चहा पाजला आणि परत खाली धाडलं.

मंगळवारी ती हसतच आली. "सर, गुडघं दुखायचं थांबलं बघा. जिना कवा चढले, कळलंबी नाय!"

"डाएट करताय का काय?" संगणकावर बसणाऱ्या प्रतिभाने चिडवलं.

"कशाचं डाएट! भाकर एक जास्तीच खाते."

प्रतिभाने गंमत म्हणून तिला पेटीच्या वजनकाट्यावर उभं केलं. दिवाळीत पंचावन्न भरलेली बाई एकोणतीस किलो भरली. दंड तसेच, गाल तसेच.

"सर, यांना आता खाली नका पाठवू."

"काटा बिघडलाय," सर म्हणाले. सकाळीच त्यांनी तो स्वतः तपासला होता.

बुधवारी सरुबाई भिंत धरून आली. "आज नगं, सर. पाय ठरत नाय भुईवर."

"आज आणि उद्याचाच दिवस हो, सरुबाई. मनोरा बंद पडला तर तुमची नोकरी कुठे राहते?"

इतक्या मायेने ते बोलले, की तिने हात जोडले.

गुरुवारी समितीसमोर पेटी पडली. रेघ पट्टीने आखल्यासारखी आली. टाळ्या वाजल्या.

"तळ दाखवा की," पाहुणे म्हणाले.

सर कागद घेऊन पुढे झाले. कोनाड्यातून बाहेर आलेल्या सरुबाईने तळाचं दार ओढून घेतलं होतं आणि ती दोन्ही हातांनी बाहेरची कडी धरून होती. झाडाचं पान हलत नव्हतं. तिचा पदर मात्र वर गेला होता, आणि टाचाही.

"धरा ना मला, सर," ती कुजबुजली. पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

मागे पावलं वाजली.

सरांनी कागद काखेत धरला आणि तिची बोटं कडीवरून एकेक करून सोडवली.

शेवटच्या बोटाला जोर लागलाच नाही.