करवतीला कोणी उठवलं?

लगोरी फुटली, पण चेंडू जानकीच्या हातातच होता.

कारखान्याच्या उघड्या दारातून एक फळकूट सणसणत आलं, रचलेल्या ठिकऱ्या उधळून गेलं आणि जांभळाच्या बुंध्यावर आदळलं. पाठोपाठ आतून करवतीची घरघर ऐकू आली. नंदू आधी खाली बसला, मग म्हणाला, "ए, हे धरायचं नाही हां. चेंडू लागलाच नाही."

"तुला लगोरीचं पडलंय?" पर्पेच्युआ म्हणाली. "आत कोण आहे? पपा तर घरी जेवतायत."

"माझे बाबापण तुमच्याच ओट्यावर डबा खातायत," जानकी म्हणाली.

तिघं दाराशी गेली. आत चिटपाखरू नव्हतं. लाकडी टेबलाच्या फटीतून वर आलेलं गोल पातं एकटंच गरगरत होतं, जणू कोणी अदृश्य सुतार कामाला लागला होता.

अंधेरीजवळच्या मरोळ गावठाणातला हा सुतारकामाचा कारखाना पर्पेच्युआच्या पपांचा, म्हणजे अल्फान्सो अंकलचा. करवत चालवायचे ते जानकीचे बाबा, काशीराम. गिरणीचा संप लांबला तेव्हा त्यांनी माग सोडला आणि ही करवत धरली. दिवाळीची सुट्टी होती, म्हणून जानकी रोज त्यांच्याबरोबर यायची. तिचा आतेभाऊ नंदू जोगेश्वरीहून राहायला आला होता, तोही शेपटासारखा मागे.

आवाज ऐकून दोघे मोठे धावत आले. काशीरामने भिंतीवरचा खटका खाली ओढला. पातं हळूहळू थांबलं.

"काशीराम, मशीन चालू ठेवून जेवायला येतोस?" अल्फान्सो अंकल करवादले. "ह्या आठवड्यात दुसऱ्यांदा झालं हे."

"मी चालू केली नाय, शपथ."

"मग काय माझ्या आज्याने केली? तो तर चर्चच्या मागे झोपलाय."

काशीराम मशीनवर वाकला. पात्याच्या खाचेत अडकलेल्या ढलप्या तो बोटांनी उपसू लागला. जानकीचं लक्ष त्या बोटांवर खिळलं. मघाशी बाबांचा हात असाच आत असता तर?

"मालक," काशीराम हळूच म्हणाला, "हे माणसाचं काम नाय. ह्या जागेचो देवचार रागावलोहा. राखणदार असतो तो. उद्या त्याला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो."

"घाल बाबा. मीपण रविवारी फादरना बोलावतो पवित्र पाणी शिंपडायला," अंकल म्हणाले. "कोणाच्या तरी गुणाने थांबू दे."

"आणि दोघं आत भांडले तर?" नंदू पुटपुटला. जानकीने त्याला कोपर मारलं.

दुपारी तिघं पर्पेच्युआच्या घरी बसली होती. नाक्यावर रस्ता खणत होते. कुदळ कुठे तरी केबलला लागायची आणि सगळ्या गावठाणाची लाईट जायची. आताही गेली होती. तिची मम्मा, जोसेफीन आंटी, पुठ्ठ्याने वारा घेत खणणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

"बाबा खोटं बोलत नाहीत," जानकी म्हणाली. "त्यांनी चालू केली नाही म्हणजे नाहीच."

"मग देवचाराने," नंदू म्हणाला. "त्याला बाकडं करायचं असेल बसायला."

एवढ्यात लाईट आली. डोक्यावरचा पंखा कुरकुरत फिरू लागला. कपाटावरचा रेडिओ एवढ्या मोठ्यांदा खरखरला की खिडकीतलं मांजर उडालं. आणि त्याच क्षणी अंगणापलीकडून करवतीची घरघर आली.

"अगोबाई, रेडिओ कोणी लावला?" आंटीने विचारलं.

"कोणी नाही, मम्मा," पर्पेच्युआ म्हणाली. "मघाशी तूच लावला होतास. मग लाईट गेली."

जानकी ताडकन उठली. "म्हणजे चालू कोणीच केला नाही. बंदच केला नव्हता."

"तेच तर पर्पेच्युआ म्हणाली," नंदू म्हणाला.

"अरे, नुसतं रेडिओचं नाही म्हणत मी. करवतीचंही. जेवायच्या वेळीपण लाईट गेलीच होती ना?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

तिघं धावत कारखान्यात गेली. खटका खाली ओढून काशीराम घाम पुसत होता. लाईट गेली म्हणून दोघे चहाला गेले होते आणि करवत पुन्हा उठली होती. जानकीने एका दमात सगळं सांगितलं.

अंकल हसले. "लाईट गेली की मशीन मेली, पोरी. मेलेल्याला आणखी काय बंद करायचं?"

"पण लाईट आली की ती जिवंत होते, अंकल."

"बघ काशीराम, तुझी मुलगी आता आपल्याला मशीन शिकवणार."

"घरी जा बघू," काशीराम म्हणाला. मालकासमोर त्याला ओशाळं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी गाऱ्हाण्याची तयारी झाली. नारळ, तो फोडायला कोयता, जास्वंदीची फुलं, विडा. एक तेवढी फळी चिरून होऊ दे, मग घालू, असं म्हणत काशीरामने करवत लावली. फळी अर्धी चिरली आणि करवत थांबली. वरचा दिवाही विझला. लाईट गेली होती.

"झकास," अंकल म्हणाले. "मशीन गप आहे तोवर उरकून घे. अडकलेली फळीपण काढ आणि फूल पात्यालाच वाहा."

जानकीने भिंतीकडे पाहिलं. खटका वरच होता.

"बाबा, आधी खटका खाली करा."

"आता मधे बोलू नको, बाय." काशीरामने चपला काढल्या आणि हात जोडले. गाऱ्हाणं सुरू झालं की कोणी मधे तोंड घालायचं नाही, फक्त होकार द्यायचा, हे जानकीला लहानपणापासून ठाऊक होतं. तिने नंदूला आणि पर्पेच्युआला जवळ ओढलं आणि त्यांच्या कानात काही सांगितलं.

"बा देवचारा, म्हाराजा," काशीरामने सूर लावला, "आज जा काय चुकलामाकला आसात, ता पोटात घाल."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. अल्फान्सो अंकलही म्हणाले. इतक्या वर्षांच्या शेजाराने त्यांनाही ते पाठ झालं होतं.

"हय राबणाऱ्या हातांची रखवाली कर."

"व्हय म्हाराजा."

काशीराम श्वास घ्यायला थांबला. जानकीने तोच सूर उचलला. "आणि म्हाराजा, खटको खाली केल्याबिगर कोणाचो हात पात्याक लागता नये."

"व्हय म्हाराजा!" नंदू आणि पर्पेच्युआ बेंबीच्या देठापासून ओरडली. अल्फान्सो अंकलच्या तोंडूनही सवयीने "व्हय म्हाराजा" निघून गेलं.

काशीरामने डोळे उघडले. "ह्या काय, जानकी?"

"सगळ्यांनी व्हय म्हटलंय, बाबा. देवचारासमोर दिलेला शब्द आहे."

"मालकांनीपण दिलाय," नंदू म्हणाला. "मी ऐकलं."

काशीरामने भिंतीकडे पाहिलं. मुलीचं म्हणणं टाळता आलं असतं, पण गाऱ्हाण्यातला शब्द कसा मोडायचा? चरफडत तो भिंतीपाशी गेला, खटका खाडकन खाली ओढला आणि परत आला. एका हाताने त्याने अडकलेली फळी धरली. दुसऱ्या हाताची बोटं पात्याच्या दातांजवळच्या खाचेत घातली.

तेवढ्यात दिवा लागला.

अंगणापलीकडे जोसेफीन आंटीचा रेडिओ खरखरला. शेजारच्या घरातही कोणाचा तरी पंखा कुरकुरला. सगळं गावठाण एकदम जागं झालं.

करवत मात्र हलली नाही.

काशीरामने हात हळूच बाहेर काढला. बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग तो खाली भुशातच बसला. जानकी त्याला बिलगली. पर्पेच्युआ एकाच वेळी रडत होती आणि हसत होती.

अल्फान्सो अंकलनी कपाळावर आणि छातीवर क्रूस काढला. "चूक माझी आहे, काशीराम," ते म्हणाले. "आधी मशीनला स्टार्टर होता. लाईट गेली की तो आपोआप पडायचा आणि बटण दाबल्याशिवाय करवत उठायची नाही. सारखा पडतो म्हणून मीच तो काढला आणि हा साधा खटका बसवला. आजच वायरमनला बोलावतो. तोवर मशीनला कोणी हात लावायचा नाही."

"आणि अंकल, ढलप्या काढायला काठी हवी," पर्पेच्युआच्या मागून नंदू म्हणाला. "बोटं नकोत."

"काठी देतो, ब्रशपण देतो. आणखी काय हुकूम, साहेब?" अंकलनी त्याचा कान हलकेच पिळला आणि जानकीकडे वळले. "मी काल हसलो होतो तुला. आज तू नसतीस तर काय झालं असतं, ते माझ्याने बोलवत नाही. शाबास, पोरी."

"देवचाराचो काय दोष नव्हतो तर," काशीराम म्हणाला.

"पण नारळ फोडायचा ना?" नंदूने काळजीने विचारलं.

सगळे खो खो हसले. काशीरामने नारळ उचलला आणि दुसरा हात लेकीपुढे पसरला. पाचही बोटं जागच्या जागी होती.

"काय, बाय," तो म्हणाला, "कोयतो तरी माझ्या हातात देशील?"

जानकीने तो दिला, पण मुठीकडून.