आभाळातला ठिपका

"मिनल, तुझा भाऊ कुठं हाय?"

उद्धवरावांचा फोन ऊन चढल्यावर आला आणि आवाजात नेहमीचा गोडवा नव्हता.

"दुकानातच असेल ना, काका. उजाडताच बाहेर पडला तो."

"दुकानाला कुलूप हाय. माझ्याकडच्या किल्लीनं उघडलं. कपाटात नवा कॅमेरा न्हाई, आन् धम्मपालचा फोन लागत न्हाई. आता तूच सांग, आमी काय समजायचं?"

आई स्वयंपाकघरातून विचारत होती, कोणाचा फोन, कोणाचा फोन. तिला काय सांगायचं ते मिनलला सुचेना.

मोशीत शेतं होती तेव्हापासून उद्धवरावांचा फोटो स्टुडिओ होता. धम्मपाल तिथे शिकला आणि तिथेच कामाला लागला. मिनल चाकणला एका कंपनीच्या ऑफिसात होती, पण गावात तिची ओळख होती ती तिच्या व्हिडिओंमुळे. बारसं, सहल, पोरांचं गॅदरिंग यांचे फोटो काढणाऱ्या साध्या माणसाने कोणता कॅमेरा घ्यावा, हे ती मराठीत सांगायची. जाहिरातीत काय वाटेल ते छापू देत, अंधाऱ्या हॉलमध्ये चेहरा ओळखू येतो का ते दाखवा, असा तिचा खाक्या. उद्धवरावांनी नवा कॅमेरा घेतला तो तिच्याच सल्ल्याने. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तो तिच्याकडे तपासायला होता. तिने भिंत टिपली, दिवा टिपला, मोकळं आभाळ टिपलं. सगळं लख्ख आलं होतं.

खंडेनवमीला दुकानात त्याची पूजा झाली. दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, कॅमेराही गेला आणि भाऊही.

चौकीत उपनिरीक्षक विजयश्री गव्हाणे यांनी तिला बसायला खुर्ची दिली. बाकी काही दिलं नाही.

"दुकान सकाळी कोण उघडतं?"

"धम्मपाल."

"कपाटाची किल्ली?"

"त्याच जुडग्यात असते."

"कुलूप तोडलेलं नाही. म्हणजे किल्लीनेच उघडलं. बरोबर?"

"बरोबर. पण मॅडम, त्याला काहीतरी झालंय. तो न सांगता कुठे जात नाही."

"काही झालं असतं तर कॅमेरा दुकानात राहिला असता." गव्हाणे बाईंनी पेन खाली ठेवलं. "आम्ही शोधतोय त्याला."

शोधत होते, हे खरं. पण चोराला शोधायच्या जागा निराळ्या असतात. एसटी स्टँड, जुन्या मालाची दुकानं, मित्रांच्या खोल्या. हरवलेल्या माणसाला दवाखान्यात, विहिरीत, नदीकाठी शोधतात, आणि तिकडे एकही पोलीस फिरकत नव्हता. धम्मपाल चोर ठरला होता, म्हणून तो जिवंत आहे का याची कोणाला काळजी नव्हती. मिनलला हे कळलं. आधी तो चोर नाही हे सिद्ध करायचं, मगच त्याला वाचवायला कोणी उठणार होतं.

गल्लीतले लोकही मान वळवून जाऊ लागले. घरी आला तो एकटा मालोजी. उद्धवरावांकडचा जुना फोटोग्राफर, धम्मपालच्या हातात पहिल्यांदा कॅमेरा देणारा. तो आला आणि मिनलच्या आईच्या, कस्तुराबाईंच्या, समोर जमिनीवर बसला.

"माझं लेकरू चोरी करायचं नाई रे बाबा," कस्तुराबाई म्हणाल्या. त्यांनी त्याचे दोन्ही हात धरून ठेवले होते. "तू तरी आणून दे त्याला."

"आणतो, आई," मालोजी म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

पत्रकं छापून लावायचं ठरलं. मग अडचण निघाली. दुसऱ्यांच्या लग्नांचे ढीगभर फोटो काढणाऱ्या पोराचा स्वतःचा एक धड फोटो घरात नव्हता. होता तो ओळखपत्रावरचा, त्यात त्याला आईनेही ओळखलं नसतं.

"एखादा असेल ना रे तुझ्याकडं?" कस्तुराबाई हात सोडेनात. "एवढे दिवस संगं काम करता."

मालोजी घुटमळला. मग त्याने मोबाइल काढला. "एक आहे. गेल्या महिन्यात देहूला घाटावर काढला होता, माझ्या जुन्या कॅमेऱ्यावर. पाठवतो."

फोटो छान होता. कडक उन्हात डोळे बारीक करून धम्मपाल हसत होता आणि मागे नुसतं निळं आभाळ होतं.

मालोजीच्या गाडीवर बसून मिनल देहूला गेली, निघोज्याला गेली. कामगारांच्या चाळींतून, कंपन्यांच्या गेटवर, शिफ्ट सुटताना बसथांब्यांवर पत्रकं दाखवत फिरली. लोक बघायचे आणि मान हलवायचे. टपरीवर मालोजीने पाण्याच्या बाटल्या घेतल्या. एक तिला दिली, बाकीच्या बिस्किटांच्या पुड्यांबरोबर डिकीत टाकल्या.

"दादा, मोशीच्या खाणींकडे बघायला हवं," ती म्हणाली. "दगड काढून काढून किती खोल गेल्यात त्या."

"तिकडं मी काल जाऊन आलो, ताई. कडेकडेनं सगळं बघितलं. तुम्ही नका जाऊ, आईंना कोण सांभाळेल?"

तिला बरं वाटलं. निदान एक माणूस तरी आपल्यापुढे चार पावलं आहे, असं वाटलं. बिचारी.

तिसऱ्या दिवशी निघोज्याच्या चौकात पत्रक चिकटवताना तिला तो ठिपका दिसला. धम्मपालच्या कानाच्या उजवीकडे, वर, आभाळात. मळकट, पुसट. तिने नखाने खरवडला. निघेना. दुसरं पत्रक पाहिलं, तिसरं पाहिलं. ठिपका सगळीकडे त्याच जागी होता.

भावाच्या तोंडाशेजारी डाग बघून तिचं डोकंच फिरलं. रिक्षा करून ती छापणाऱ्या कोंडीरामकडे गेली आणि त्याला नाही नाही ते बोलली. कोंडीरामने शांतपणे कॉम्प्युटरवर फोटो मोठा करून दाखवला.

"माझ्या मशीनचा नाही, ताई. मुळातच आहे. ही बघा तुमची फाईल."

मोठ्या पडद्यावर ठिपका सुपारीएवढा दिसत होता. एका बाजूला जरा चेपलेला. मिनल बघत राहिली. मग तिने घाईघाईने मोबाइलवर स्टुडिओचं पान उघडलं. खंडेनवमीचा एक फोटो तिथे होता: हार घातलेलं दुकान, वर पाटी, पाटीच्या वर मावळतीचं आभाळ. पाटीच्या उजवीकडे, वर, एका बाजूला चेपलेला ठिपका होता. तिने कोंडीरामला दोन्ही फोटो एकावर एक ठेवायला सांगितले. ठिपक्यावर ठिपका बसला.

तिने गव्हाणे बाईंना फोन केला, आणि मग उद्धवरावांना.

"काका, खंडेनवमीचा दुकानाचा फोटो कोणी काढला?"

"मीच की. पूजा झाल्या झाल्या, नव्या कॅमेऱ्यावर."

"पूजा कशी केली?"

"कशी म्हंजी? दरसालासारखी. भिंग काढून निराळं ठेवलं, कॅमेरा निराळा ठेवला. दोघांस्नी हळदकुंकू वाहिलं, फुलं वाहिली. माझ्या पहिल्या रिळाच्या कॅमेऱ्यापासनं तीच रीत हाय."

"त्यानंतर कॅमेरा कोणाच्या हातात होता?"

"कुणाच्याच न्हाई. दिवस बुडाला तसा माझ्या हातानं कपाटात ठिवला."

"मालोजीदादांना दुकानात बोलावून घ्या. मी येतेय म्हणून सांगू नका."

गव्हाणे बाई आल्या त्या घाईत होत्या आणि ते लपवतही नव्हत्या. "एका ठिपक्यासाठी बोलावलंत?" त्या म्हणाल्या. मालोजी काउंटरला टेकून उभा होता. मिनलला बघून तो हसला, पण हसू पुरतं उमटलं नाही.

चूक झाली, माणूस बिथरून गप्प बसला, तर धम्मपाल कुठे आहे हे कधीच कळणार नव्हतं.

"मॅडम, जुन्या कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे आरसा असतो," तिने सुरुवात केली. "रिळाच्या कॅमेऱ्यात पडदा असायचा. भिंग काढलं तरी आतला भाग झाकलेला राहायचा. काकांनी इतकी वर्षं कुंकू वाहिलं, काही बिघडलं नाही. या नव्या कॅमेऱ्यात आरसाच नाही. भिंग काढलं की फोटो जिथे उमटतो ती काच उघडी पडते. काकांनी वाहिलेल्या कुंकवाचा कण तिच्यावर जाऊन बसला."

उद्धवराव मटकन स्टुलावर बसले.

"कण बारीक आहे. घरात, लग्नात फोटो काढले तर दिसायचाही नाही. कडक उन्हात, किंवा उजळ मावळतीकडे रोखलं, की भिंगाचं तोंड बारीक होतं; त्यात मागे मोकळं आभाळ असलं, की मगच उठून दिसतो. पूजेच्या आदल्या दिवशी मी आभाळाचा फोटो काढला, त्यात ठिपका नाही. पूजेनंतर काकांनी काढला, त्यात आहे. आणि धम्मपालच्या या फोटोत आहे. तीच जागा, तोच आकार."

"म्हणजे हा फोटो पूजेनंतरचा," गव्हाणे बाई सावकाश म्हणाल्या. त्यांनी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं होतं.

"पूजा संपली तेव्हा दिवस मावळत होता. लगेच कॅमेरा कपाटात गेला. फोटोत तर कडक ऊन आहे. म्हणजे हा दसऱ्याच्या दिवशीचा, कॅमेरा चोरीला गेल्यानंतरचा. धम्मपाल समोर उभा आहे. मग कॅमेरा कोणाच्या हातात होता?"

सगळ्यांनी मालोजीकडे बघितलं.

"देहूचा फोटो आहे तो," मालोजी म्हणाला. "माझ्या जुन्या कॅमेऱ्यातला. ठिपके काय, कुठल्याही कॅमेऱ्यात पडतात."

"दाखवा तुमचा कॅमेरा. आत्ता बाहेर जाऊन आभाळाचा फोटो काढू."

मालोजी जागचा हलला नाही.

"तो घरी आहे," तो म्हणाला.

"दादा, मला तुम्ही देहूला नेलंत, निघोज्याला नेलंत. खाणीकडे मात्र नेलं नाहीत. ते जाऊ दे." मिनलचा आवाज फाटला. "त्या बाटल्या कोणासाठी नेत होतात? एकच सांगा. तो आहे ना अजून?"

मालोजीने तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं.

"आहे," तो म्हणाला. "सकाळी होता. पाणी देतोय मी त्याला."

गव्हाणे बाई बाहेर पळत गेल्या आणि वायरलेसवर ओरडून माणसं बोलावू लागल्या.

बाकीचं त्याने जीपमध्ये सांगितलं. त्याने उद्धवरावांना न कळवता एका लग्नाची ऑर्डर घेतली होती. त्याचा जुना कॅमेरा मंद उजेडात फोटोंचा चिखल करायचा. नवा एका दिवसापुरता वापरून परत ठेवायचा, एवढाच बेत होता. मालकांनी परवानगी दिलीय, असं त्याने धम्मपालला सांगितलं आणि ट्रायलसाठी त्याला खाणीच्या कडेला नेलं. नवरा-नवरी यायच्या आधी सहकाऱ्याला उभं करून उजेड बघायचा, ही या धंद्यातली रोजची रीत. धम्मपाल उभा राहिला, हसला, फोटो निघाला. मग म्हणाला, काकांना फोन करून सांगतो, कॅमेरा झकास आहे.

"मी फोन ओढून घ्यायला गेलो," मालोजी म्हणाला. "तो मागं सरला. मागं कडाच होता. खाली कपारीवर अडकला, फोन पाण्यात गेला. मी त्याला सांगितलं, दोर घेऊन येतो."

"मग?"

"मग काकांनी चोरीचं सांगितलं. त्याला वर काढला असता तर तो बोलला असता. रोज ठरवायचो, आज काढू. रोज बाटल्या खाली सोडून यायचो."

"आणि फोटो का दिलास?" गव्हाणे बाईंनी विचारलं.

"आईंनी हात धरले होते. माझ्याकडं त्याचा तेवढाच होता."

मिनलने त्याच्याकडे बघितलं नाही. एकदा बघितलं असतं तर तिने त्याचा गळाच धरला असता.

अग्निशमन दलाच्या माणसांनी दोर सोडले. धम्मपाल वर आला तेव्हा त्याचा एक पाय काळानिळा पडला होता आणि ओठ फुटले होते, पण डोळे उघडे होते. पाय राहील की नाही हे डॉक्टर सांगतील, असं कोणीतरी म्हणालं. मिनल ॲम्ब्युलन्समध्ये त्याच्या उशाशी बसली. मागच्या जीपमध्ये मालोजी दोन पोलिसांच्या मध्ये मान खाली घालून बसला होता.

"ताई," धम्मपालचा आवाज जेमतेम फुटत होता. "खाली असताना वाटायचं, वर सगळे शोधत असतील. मालोजीदादा म्हणायचा, कोणी शोधत नाही. कोण कोण आलं होतं गं?"

तिने ओढणीने त्याचं कपाळ पुसलं. देहूचे रस्ते आठवले, निघोज्याचे चौक आठवले, मान वळवून गेलेली गल्ली आठवली. ती होती, आणि मालोजी होता.

"अख्खी मोशी आली होती, रे," ती म्हणाली.

धम्मपालला ते खरं वाटलं. त्याने समाधानाने डोळे मिटले, आणि मिनलने तोंडात ओढणीचा बोळा कोंबला, आवाज बाहेर पडू नये म्हणून.