छत्रीतले हिरवे स्टिकर

तर झालं असं, की ती संग्रहालयाच्या दाराशी उभी होती आणि तो आला – वाऱ्याने उलटी झालेली छत्री सावरत.

तिचं काम सोपं. येणाऱ्याच्या खांद्यावर स्टिकर लावायचा. लहानांना पिवळा, तरुणांना हिरवा, आजीआजोबांना पांढरा. पूर्वी म्हणे हिरवे पुरायचे नाहीत. आता शाळेची सहल आली की पिवळे, निवृत्त मंडळी आली की पांढरे, मधली माणसं गायबच. म्हणून तर गुरुवारची संध्याकाळ खास तरुणांसाठी सुरू केलेली. हिरवे वाढले नाहीत तर ती संध्याकाळ बंद, आणि हिची नोकरीही.

"कोणता लावू?"

"दिसतोय तो लावा."

"मग पांढरा."

तो हसला... आणि हिची बोटं त्याच्या ओल्या खांद्यावर उगीचच रेंगाळली.

मग दर गुरुवारी तो. आणि काय नवल, हिरवे भराभर संपायला लागले. संग्रहालयाचे साहेब तर हवेतच. हिच्या जिवाला मात्र चैन नाही. तो दिसला की धडधड, नाही दिसला की जास्त धडधड.

एका गुरुवारी पाऊस आला. निघताना त्याने छत्री उघडली – आतून सगळी हिरवीगार. स्टिकरच स्टिकर.

"हे काय?"

"मागच्या, बागेच्या दाराने बाहेर पडून परत परत आत यायचो. तिथल्या मावशी दर वेळी नवा लावायच्या."

"म्हणजे ती सगळी गर्दी... तू एकटा?"

"संध्याकाळ बंद पडली असती, तर तू कुठे भेटली असतीस?"

हसावं की रडावं, तिला कळेना. "वेड्या, साहेबांना सांगावं लागेल मला."

"नोकरी जाईल तुझी."

"जाईल."

"नको ना सांगूस."

तिने सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. गुरुवार बंद झाला, आणि तिची नोकरीही गेली.

रविवारी ती बागेच्या दाराशी गेली, साध्या कपड्यात. तो तिथेच येरझाऱ्या घालत होता, तोंड एवढंसं करून.

"चिडलीयेस?"

"खूप." ती मावशींकडे वळली. "मावशी, दोन हिरवे. आणि याला एकच हं."

"एकदाच जायचं आत?" तो पुटपुटला.

"एकदाच. पण माझ्याबरोबर... सावकाश."

मावशींनी दोघांच्या खांद्यांवर स्टिकर दाबून बसवले. "चला," त्या म्हणाल्या, "आज खरे दोन आले."